पलंगाचा चौथा पाय

१

ज्या वर्षी फूटपट्टीची धाकटी मुलगी नवऱ्याशी भांडून, दिवस भरत आलेले असताना माहेरी आली आणि तिथेच बाळंत झाली, त्या वर्षीच्या थंडीतली ही गोष्ट.

फूटपट्टी हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कोर्टातल्या लोकांनी ते ठेवलं होतं, कारण त्याच्या बगलेत सदानकदा एक लाकडी फूटपट्टी असायची. कोर्टात दावा लावायचा तर आधी फी भरावी लागते, आणि दावा जितका मोठा तितकी फी मोठी. ज्याला ती झेपत नाही त्याने माफीचा अर्ज करायचा. मग कोर्टाचा माणूस त्याच्या घरी जाऊन बघतो, की हा खरंच गरीब आहे की गरिबीचं सोंग आणतोय. अंगावरचे कपडे, चुलीपाशची भांडी आणि पोटापाण्याची हत्यारं सोडून घरात जे काही असेल ते तो लिहून आणतो. तो कोर्टाचा माणूस म्हणजे फूटपट्टी. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची कपाटं मोजली होती. मापात कधी चूक झाली नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

त्या सकाळी तो इस्त्रीवालीच्या दारात उभा राहिला आणि त्याची फूटपट्टी बगलेतून निसटून खाली पडली.

खोली रिकामी होती.

तीन आठवड्यांपूर्वी याच खोलीत त्याने आरशाचं कपाट पाहिलं होतं, भिंतीवर लंबकाचं घड्याळ, दोन वेताच्या खुर्च्या आणि एक लोखंडी पलंग. आता होतं फक्त इस्त्रीचं टेबल, कपड्यांचे गठ्ठे आणि कोपऱ्यात जमिनीवर दुमडून टाकलेली गोधडी. गोधडीवर इस्त्रीवालीची म्हातारी सासू बसली होती.

"घ्या! बघा आता डोळ्यांनी!" मागून मुनीम ओरडला. "मी सांगत नव्हतो? माल पसार केला बाईने. कोर्टाच्या डोळ्यांत धूळ!"

हा मुनीम एका मोठ्या लाँड्रीच्या मालकाचा. त्याच लाँड्रीत बॉयलर फुटून इस्त्रीवालीचा नवरा गेला होता, आणि त्याची भरपाई मागायला तिला दावा लावायचा होता.

"सामान कुठे गेलं?" फूटपट्टीने विचारलं.

इस्त्रीवालीने हातातल्या शर्टाची कॉलर सरळ केली. "माझं नव्हतं ते."

"मग कोणाचं होतं?"

"ते नाही सांगायची मी."

"बाई, सांगितलं नाहीत तर तुरुंगात जाल!"

"जाईन," ती म्हणाली आणि इस्त्री फिरवू लागली.

म्हातारीने मान वर केली. "या, जावईबापू. आज बसायला खुर्ची नाही हो आमच्याकडे. गोधडीचा अर्धा भाग देते, चालेल?"

२

न्यायाधीश बाईंना कोर्टात सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मुनिमाची तक्रार वाचून चष्मा टेबलावर ठेवला.

"तुमच्या पहिल्या पाहणीवर मी अजून निकाल दिलेला नाही. आता हे. त्या वस्तू तिच्या असतील आणि तिने लपवल्या असतील, तर अर्ज फेटाळावा लागेल, शिवाय फसवणुकीचा खटला. आणि महिनाअखेरीला दाव्याची मुदत संपते. मग तिचा नवरा फुकट मेला असंच समजायचं."

"आणि वस्तू तिच्या नसल्या तर?"

"तर कोणाच्या, ते शोधून आणा. माल उसना होता हे सांगायला मालक लागतो."

फूटपट्टी बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला टेकला आणि पहिल्या पाहणीचा दिवस आठवू लागला. गुरुवार होता. बायकोकडून डबा लवकर करून घेऊन तो निघाला होता. इस्त्रीवालीच्या खोलीत शिरला तेव्हा त्याला मनातून बरं वाटलं होतं. जमीन लखलखीत. कुठे जाळं नाही, जळमट नाही. नाहीतर माफीवाल्यांच्या घरात पाय कुठे ठेवावा कळत नाही. इस्त्रीच्या टेबलावर निळ्या रेघांचा एक शर्ट पडला होता, त्याच्या स्वतःच्या शर्टासारखा. असे शर्ट बाजारात ढिगाने मिळतात. म्हातारी पलंगावर मांडी घालून बसली होती. पलंगावरची चादर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होती.

तो पलंगाला फूटपट्टी लावायला वाकला तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "पलंग मोजा, पण मला मोजू नका. माझी काही किंमत यायची नाही."

इस्त्रीवाली तोंडाला पदर लावून हसली होती.

"आणि लिहून ठेवा," म्हातारी पुढे म्हणाली होती, "पलंग जुना असला तरी डुगडुगत नाही. कोणा शहाण्याने सोय केली आहे. भेटला कुठे तर माझा आशीर्वाद सांगा त्याला."

त्याने ते लिहून घेतलं नव्हतं. 'लोखंडी पलंग एक, चांगल्या स्थितीत' एवढंच लिहिलं होतं.

आठवून झालं तरी एक गोष्ट त्याला टोचत राहिली. आज त्याने भिंत पाहिली होती. घड्याळ वर्षानुवर्षं टांगलं असतं तर त्याच्या मागे भिंतीचा रंग ताजा राहिला असता. तिथे तसला डाग नव्हता. होता फक्त खिळा, आणि त्याच्याभोवती नुकताच उडालेला गिलावा. घड्याळ तिथे एखादा दिवसच होतं.

आणि हे त्याला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

३

इस्त्रीवालीच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक घड्याळजी बसायचा. डोळ्यात भिंग घालून तो एका घड्याळाच्या पोटात शिरला होता. त्याच्या मागे भिंतीवर लंबकाचं घड्याळ टिकटिकत होतं, आणि आतल्या खोलीच्या दारातून आरशाचं कपाट दिसत होतं. आरशात फूटपट्टीला स्वतःचाच चेहरा दिसला.

"हे कपाट कधी वर नेलं होतंत?"

घड्याळजीने भिंग काढलं नाही. "कोणतं कपाट?"

"काका, मी तुम्हाला पकडायला आलेलो नाही. ती बाई तुरुंगात जाईल, म्हणून विचारतोय."

घड्याळजीने भिंग काढलं. "आदल्या संध्याकाळी नेलं. चौघांनी उचललं, जिन्यात अडकलं, माझ्या भावाचं बोट चेंगरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात की परत खाली. सांगून टाका तुमच्या कोर्टाला. कपाट माझं, घड्याळ माझं, चेंगरलेलं बोट भावाचं."

"पण का?"

"का म्हणजे? पाहुणा येणार होता! कोर्टाचा माणूस. रिकाम्या घरात त्याला बसवायचं? लोक काय म्हणतील, या इमारतीत माणसं राहतात की नाही?"

"अहो, तो पाहुणा नव्हता! घरात काही नाही हेच बघायला तो आला होता!"

घड्याळजीने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे कपाट दिलं म्हणून तिची माफी अडली?"

 फूटपट्टीने मान खाली घातली. ती लाज कोणाच्या वाट्याची आहे, हे त्याला अजून कळायचं होतं.

खुर्च्या निघाल्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंकडे. त्यांनी त्याला त्याच खुर्चीवर बसवलं आणि शाळेतल्या पोराला झापावं तसं झापलं.

"आम्ही तिला लाज वाटू नये म्हणून दिलं, आणि तुम्ही ते तिच्या नावावर लिहून मोकळे झालात! विचारलंत का तिला, बाई हे तुझं का? एवढा एक प्रश्न!"

"नाही विचारलं."

"का नाही?"

"समोर दिसत होतं, म्हणून."

"उत्तम. पास!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

फूटपट्टी खुर्चीत पुढे सरकला. "पण बाई, पाहणीचा दिवस आम्ही कोणाला सांगत नाही. तुम्हाला कसा कळला?"

"मला नाही, तिला कळला. कोणीतरी निरोप दिला, की गुरुवारी माणूस येतोय, टापटिपीचा मोठा भोक्ता आहे. घर गबाळं दिसलं की त्याचं डोकं फिरतं. नीट आवरून ठेव, म्हणजे काम होईल."

"कोणी दिला निरोप?"

"ते ती सांगत नाही. आणि ऐका, पलंग माझा नाही, घड्याळजीचाही नाही. त्याचं आम्हाला विचारू नका."

४

फूटपट्टीच्या डोळ्यांसमोर मुनीम उभा राहिला. खोली भरलेली दिसली तर कोणाचा फायदा? मुनिमाच्या मालकाचा. खोटा निरोप पाठवून बाईला गोत्यात आणायचं, आणि मग स्वतःच तक्रार करायची. सगळं बरोबर बसत होतं. तो तडक लाँड्रीत गेला.

मुनीम हसला. "साहेब, मी पाजी आहे, पण येडा नाही. पाहणीचा दिवस मला ठाऊक असता तर मी आमच्या वकिलांनाच दारात उभं केलं नसतं का? दोन साक्षीदार आणले असते. तुमचा अहवाल कोर्टात आला तेव्हाच आम्हाला कपाटाचं कळलं. परवा मी बघायला गेलो, तर खोली मोकळी. बस्स."

फूटपट्टीला हे खोडता येईना. आणि गोम त्यातच होती. आवरून ठेव, म्हणजे काम होईल, असं मुनीम कशाला सांगेल? ते सांगणाऱ्याला तिचं काम व्हावं असंच वाटत होतं. फक्त, कोर्टाचा माणूस घरी येतो तो नापास करायला नव्हे तर पसंत करायला, अशी त्याची समजूत होती. कोर्टातला माणूस अशी चूक करणार नाही. आणि कोर्टाबाहेरच्या माणसाला गुरुवार कळणार नाही.

तो पुन्हा इस्त्रीवालीच्या खोलीवर गेला. ती कपडे पोचवायला बाहेर गेली होती. म्हातारी गोधडीवर आडवी होती आणि खोकत होती. खोकला खोल होता, पोटातून येणारा.

"पलंगाची जागा बघतो, आजी."

"बघा. आता जागाच उरली आहे."

तो गुडघ्यांवर बसला. कपाटाच्या जागी जमिनीवर काहीच खूण नव्हती. खुर्च्यांच्या जागीही नव्हती. पण पलंगाच्या जागी गंजाचे डाग होते, चांगले मुरलेले. म्हणजे बाकीचं सामान एका दिवसापुरतं आलं होतं, पलंग मात्र इथे कितीतरी महिने होता. तो पाहुण्यासाठी आणलेला नव्हता. म्हातारीच्या पाठीखाली जमीन गार लागते म्हणून कोणीतरी दिला होता. आणि पाहणीनंतर, केवळ पाहणीमुळे, तो उचलून नेला होता.

"कोणी नेला, आजी?"

"ज्याने दिला त्याने. सुनेला कोर्टात कोणीतरी म्हणालं, पलंगामुळे माफी अडेल. मग ती देणारी आली, रडली आणि हातगाडीवर घालून घेऊन गेली. मी म्हटलं, रडतेस कशाला, मी काय पहिल्यांदा जमिनीवर झोपते आहे?"

"देणारी? बाई होती?"

म्हातारीने डोळे मिटले. "मी काही बोलले नाही. मला झोप लागली आहे."

त्याने पुन्हा डाग पाहिले. तीन डाग गोल होते, लोखंडी नळीच्या तोंडाएवढे. चौथा गोल नव्हता. तिथे गंजही नव्हता, नुसती फिकट चपटी पट्टी उमटली होती, दोन बोटं रुंद, कडा सरळ. त्या पायाखाली लाकडाचा तुकडा होता.

त्याने आपली फूटपट्टी त्या खुणेवर ठेवली. लांबीला नव्हे, रुंदीला.

तंतोतंत बसली.

५

घरी आला तेव्हा मधल्या खोलीत मुलगी पलंगावर तान्ह्याला घेऊन पडली होती. जुना पलंग माळ्यावरून काढला, असं बायकोने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने ते मानलं होतं.

"काय शोधताय, बाबा? टोपडं पडलंय का खाली?"

 त्याने चादर वर उचलली आणि तो वाकला. चौथ्या पायाला सुतळीने बांधलेला फूटपट्टीचा तुकडा होता. ही मुलगी लहान असताना पलंग डुगडुगायचा आणि ती रडून उठायची. तेव्हा त्याने आपली मोडलेली फूटपट्टी कापून तिथे बांधली होती. नंतर पलंग माळ्यावर गेला आणि तो विसरून गेला.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको पाठमोरी उभी होती. तिने मागे न बघताच ओळखलं.

"कळलं ना? मी म्हटलंच होतं, आज ना उद्या कळणार."

"आपला पलंग?"

"आपला. माळ्यावर गंजत होता. म्हातारी जमिनीवर झोपायची. मी कपडे द्यायला जायची, मला बघवेना. तुमच्या शर्टांना वर्षानुवर्षं इस्त्री कोण करतं, विचारलंत कधी?"

निळ्या रेघांचा शर्ट त्याच्या अंगातच होता. तो त्याला एकदम घट्ट झाला.

"आणि गुरुवारचा निरोप?"

"मीच दिला. तुम्हीच नाही का म्हणालात, गुरुवारी त्या इस्त्रीवालीकडे जायचंय, डबा लवकर दे? मी म्हटलं, बरं झालं, आपलाच माणूस जातोय."

"अगं, पण घर आवर म्हणून कशाला सांगितलंस? घर जितकं रिकामं तितकं तिच्या भल्याचं!"

बायको वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज चढला.

"मला काय माहीत? कधी सांगितलंत, तुम्ही नक्की काय करता ते? रोज घरी येऊन एकच पाढा. अमक्याकडे उकिरडा होता, तमक्याकडे बसायला जागा नव्हती, या लोकांना घर ठेवता येत नाही. मी समजले, माणसं तुमच्या मनातून उतरतात ती घाणीमुळे. तिचं घर तुम्हाला आवडावं म्हणून सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही खुशीत घरी आलात. म्हणालात, आज एक स्वच्छ घर पाहिलं. मला वाटलं, झालं काम!"

फूटपट्टी पाटावर बसला. इतके दिवस तो ज्याचा माग काढत होता तो माणूस त्याला सापडला होता.

"तिने तुझं नाव का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"माझं नाव सांगितलं तर तुमची नोकरी जाईल म्हणून. म्हणाली, ताई, तुम्ही माझ्या सासूला पलंग दिलात, मी तुमच्या घराला कोर्टात ओढू? बोला आता. काय करणार आहात?"

६

करायचं काय हे सरळ होतं. मोठ्या बाईंपुढे उभं राहायचं आणि सांगायचं, की पलंग माझ्या घरचा, निरोप माझ्या घरून गेला आणि मी डोळे असून आंधळा होतो.

पण तो शुक्रवार होता, आणि त्याच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मुलगी माहेरी बसलेली, घरात तान्हं. कोर्टाच्या माणसाने अर्जदाराला वस्तू देणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. शनिवारी तो मोठ्या बाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आला. शिपायाला म्हणाला, जरा डोकं दुखतंय. रविवारी नातवाला मांडीवर घेऊन बसला. पोर झोपलं तरी त्याला पलंगावर ठेवायचं त्याला धाडस होईना.

"बाबा, ठेवा ना त्याला खाली," मुलगी म्हणाली.

"जमीन गार आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

सोमवारी त्याने तोंड उघडलं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. घड्याळजी आणि मास्तरीणबाई साक्षीला आले होते. मुनीम मागच्या बाकावर बसून टाळूवर हात फिरवत होता.

"तुमच्या पाहणीत एकही माप चुकलेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "फक्त एक वाक्य राहिलं. हे तुझं आहे का, हे विचारायचं राहिलं."

"होय, बाई."

"माफी मंजूर. हुकूम आजच निघेल. तुमचं काय करायचं ते वरून ठरेल. तोवर घरी बसा."

फूटपट्टीने आपली पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तो घरी आला. मुलीने न सांगताच गादी गुंडाळून ठेवली होती. बायकोने हातगाडीवाला बोलावला होता. दोघांनी पलंग गाडीवर चढवला. आजींना तो शहाणा मीच, हे सांगायचं, आणि आशीर्वाद नको म्हणायचं, असं त्याने वाटेत ठरवलं.

इमारतीच्या दारात घड्याळजी दुकान बंद करून उभा होता. जिन्यावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. पलंग बघून त्यांनी बाजूला सरकून वाट दिली.

खोलीत इस्त्री थंड होती. इस्त्रीवाली भिंतीला टेकून बसली होती. बायको आधी आत गेली आणि तिच्याजवळ खाली बसली. फूटपट्टी उंबऱ्यातच थांबला.

"माफी मिळाली," तो म्हणाला. 

इस्त्रीवालीने मान हलवली. "कळलं. घड्याळजीकाकांनी सांगितलं." मग तिने त्याच्या मागे जिन्यात उभ्या केलेल्या पलंगाकडे पाहिलं. "आणा आत. शेवटचं त्यावर ठेवू त्यांना. त्यांना आवडायचा तो."

घड्याळजीने आणि त्याने मिळून पलंग आणला आणि जुन्या डागांवर नेमका बसवला. पलंग डुगडुगला नाही.

पुढे इस्त्रीवाली दावा जिंकली. फूटपट्टीची नोकरी गेली. मुलगी नवऱ्याकडे परतली. इस्त्रीवालीच्या सासूबाई त्या थंडीत, फी माफीचा हुकूम निघाला त्या सोमवारी दुपारी, छातीत कफ होऊन, जमिनीवर वारल्या.